पान चारशे बारा

वेळखोल गावचे सोनू धुरी गिरणीच्या फाटकाशी बसून गाववाल्यांना त्यांची पत्रे वाचून दाखवीत. सोनूंचे चिरंजीव लाडू धुरी यांनी वेळखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या संस्थेचे पहिले इतिवृत्त लिहिले आणि अखेरपर्यंत मंडळाचे दप्तर सांभाळले. लाडूंचे चिरंजीव चंद्रप्रकाश धुरी यांनी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात बत्तीस वर्षे काढली. मागेल तो कागद ते दिवा न लावता काढून देत असत. ते गेले आणि दप्तर त्यांच्या पत्नीकडे, सुलक्षणाबाईंकडे आले. धुरींच्या घरात कागद वाचता न येणारे माणूस जन्माला आले नव्हते. लग्न होऊन आलेच, तर ते वर्षभरात शिकले होते.

सुलक्षणाबाई मुलुंडला राहत. वय एकाहत्तर, पाठ ताठ, पदर पिनेने बसवलेला. त्यांनी 'बसा' म्हटल्यावर माणसे बसत आणि 'चहा घेणार ना?' असे विचारल्यावर कोणी 'नको' म्हणत नसे.

अशा बाईंसमोर मंडळाचे नवे चिटणीस सुयोग तावडे यांनी जानेवारीत तोंड उघडले. घाटकोपरला ज्या इमारतीत मंडळाची खोली होती, ती पुनर्विकासात जाणार होती, आणि खोलीतल्या दोन लोखंडी कपाटांत पंचाहत्तर वर्षांची इतिवृत्ते होती.

"काकी, राग मानू नका," सुयोग म्हणाला, "पण आता दप्तरदार वगैरे कोण ठेवतं? मोबाईलवर ॲप बनवू. कमिटी बघेल सगळं. कपाटं भंगारात. टेन्शन खल्लास."

"भंगारात काय टाकायचं ते घरातल्या मोठ्यांना विचारतात, सुयोग."

"तेच विचारतोय ना. मला सांगा, उद्या कोणी उठून म्हणालं, अमक्या सालचं अमकं पान दाखवा, तर किती दिवस लागतील तुम्हाला?"

"एक मिनिट," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

हे उत्तर त्यांनी विचार करून दिले नव्हते. ते अभिमानाने दिले होते, आणि अभिमान घड्याळ पाहत नाही. सुयोगने मात्र ते तिथल्या तिथे पकडले. ठरले ते असे: एप्रिलच्या वार्षिक सभेत सभासद कोणतीही तीन पाने मागतील. मंडळाच्याच संगणकावर, प्रत्येक पान एका मिनिटात दिसले, तर दप्तर धुरींकडे राहील. एक जरी चुकले, तरी दप्तर कमिटीकडे जाईल.

तीन महिने सुलक्षणाबाई पाने स्कॅन करीत बसल्या. एक हजार नऊशे छत्तीस पाने झाली. त्यांची सून शीतल अंधेरीच्या एका कंपनीत संगणक सांभाळायची नोकरी करीत असे. तिने सुचवले, "आई, प्रत्येक वर्षाची वेगळी फाइल करू या का? हलकी राहील."

"दप्तर एक आहे ना?"

"हो."

"मग फाइल एक. दप्तराचे तुकडे करणारे दुसरे पुष्कळ आहेत. आपण करायचे नाहीत."

झाली एकच फाइल. ती सव्वा जीबीची होती, आणि मंडळाचा संगणक चौदा वर्षांचा होता. ज्या कंपनीची प्रणाली त्यात होती, तिने त्याच्यावरची माया कधीच आटवली होती. शीतलने एका रविवारी तो संगणक मुलुंडला आणवला आणि त्यात लिनक्स ही दुसरी प्रणाली घातली.

"हे काय घातलंस?"

"लिनक्स. जुन्या मशीनवर छान चालतं. आणि फुकट आहे."

"फुकटचं कधी चांगलं असतं का गं?"

"तुमचे सल्ले फुकटच असतात ना, आई?"

सुलक्षणाबाईंनी सुनेकडे पाहिले. उत्तर चांगले होते हे त्यांना मान्य होते. तसे म्हणण्याची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. त्या म्हणाल्या, "फाइल उघड."

लिनक्सबरोबर जो कागदपत्रे दाखवणारा कार्यक्रम आयता आला होता, त्याने फाइल उघडायला घेतली. संगणकाचा पंखा मिक्सरमध्ये सुके खोबरे टाकल्यासारखा ओरडू लागला. चार मिनिटे झाली. पडद्यावर काहीच नव्हते.

"हा जेवायला बसलाय का?"

"मेमरी खातोय."

"किती?"

"आहे तेवढी सगळी."

"असा पाहुणा मला नको. दुसरा बोलव."

"मग लाइटवेट व्ह्यूअर बघावा लागेल. हलका असा."

"हलका म्हणू नकोस. हलका माणूस मी दप्तराला हात लावू देणार नाही. सडपातळ म्हण."

त्या दिवशी मुलुंडच्या दिवाणखान्यात उमेदवारांची रीतसर परीक्षा सुरू झाली. सुलक्षणाबाईंनी वही आखली. उघडण्यास लागलेले सेकंद, खाल्लेली मेमरी, अक्षराची स्वच्छता, शिस्त, असे चार रकाने केले. शेवटचा रकाना पाहून शीतलने विचारले, "सॉफ्टवेअरची शिस्त कशी मोजणार?"

"नितेशची कशी मोजली होती? बघून."

नितेश म्हणजे त्यांचा मुलगा. तो आतल्या खोलीत क्रिकेट पाहत होता. त्याने आवाज कमी केला.

दुसरा उमेदवार बारा सेकंदांत आला. चेहरा प्रसन्न होता, बाजूला रंगीत बटणे होती. परंतु फाइल बंद करून पुन्हा उघडली, की तो पहिल्या पानावर जाऊन उभा राही. "काल कुठं होतो हे याला आठवत नाही," सुलक्षणाबाईंनी नोंद केली. "विसरभोळा. दप्तरास अयोग्य." तिसरा सगळे लक्षात ठेवत असे; मात्र काम सुरू करण्यापूर्वी तो डावीकडच्या पट्टीत एकूण एक पानांची लहान लहान चित्रे काढायला बसे. एक हजार नऊशे छत्तीस चित्रे. शीतलने त्याला ती सवय सोडायला सांगितली. पुढच्या वेळी त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"हा लग्नातल्या फोटोग्राफरसारखा आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "अक्षता थांबवील, पण फोटो घेईल. पुढचा."

निवडून न आलेल्या उमेदवारांची नावे इतिवृत्तात लिहायची नसतात, हा धुरींचा जुना दंडक आहे. म्हणून ती इथेही दिलेली नाहीत.

चौथा उमेदवार आला तो आल्यासारखा वाटलाच नाही. पडद्यावर नुसते दप्तराचे पहिले पान उभे राहिले. भोवती चौकट नाही, बटण नाही, वर पट्टी नाही. पंखा शांत होता.

"याचं बाकीचं कुठं आहे?"

"एवढाच आहे हा. बटणं नाहीत, मेनू नाही, बंद करायची फुलीसुद्धा नाही. सगळं कीबोर्डवरून. 'एन' दाबलं की पुढचं पान, 'पी' दाबलं की मागचं. नंबर टाइप करून 'जी' दाबलं की थेट त्या पानावर. 'क्यू'नं बंद. पण आई, हा तुमच्यासाठी नाही हां. आमच्या ऑफिसातली पोरंसुद्धा याला वैतागतात. आपण दुसराच घेऊ, रोज पहिल्या पानावर गेला तर गेला."

सुलक्षणाबाई खुर्चीत सरळ झाल्या. "शीतल, एकोणीसशे त्र्याहत्तर साली मी टंकलेखनाची सरकारी परीक्षा दिली. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. दोन्हींत पहिला वर्ग. त्या खोलीत सदतीस मुलगे होते आणि मी होते. बटणं, फुल्या आणि चित्रं ज्यांना बोटं नाहीत त्यांच्यासाठी असतात. ऊठ."

त्या बसल्या, दहा बोटे कळांवर ठेवली आणि टाइप केले: आठशे पाच, जी. पान लखकन समोर आले. सहाशे चाळीस, जी. आले. एन, एन, पी. जसे हवे तसे पान हलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते शीतलने लग्नानंतरच्या चौदा वर्षांत दोनदाच पाहिले होते.

"मेमरी किती खाल्ली?"

"काहीच नाही म्हटलं तरी चालेल."

"निवड झाली," सुलक्षणाबाई म्हणाल्या. त्याचे मूळ नाव परके आणि जिभेला जड होते. घरात तो 'सडपातळ' याच नावाने राहिला. माऊस त्याच संध्याकाळी सुटा करून कपाटात ठेवण्यात आला.

पुढले अकरा दिवस सराव झाला. शीतल भाजी निवडता निवडता ओरडे, "आई, बाराशे सत्तावीस!" आणि दिवाणखान्यातून उत्तर येई, "दिसलं! तेवीस सेकंद, सूची बघण्यासकट!" सूची म्हणजे बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक जाड वही, कोणत्या सालची कोणती सभा कोणत्या पानावर, हे तीत होते.

सभेच्या दिवशी संगणक रिक्षात मांडीवर घेऊन सासूसून घाटकोपरला पोचल्या. एका शाळेचा हॉल घेतला होता. समोर मोठा टीव्ही, त्याला संगणक जोडलेला, एकशे दहा खुर्च्या भरलेल्या. मागच्या कोपऱ्यात चहाचा मोठा थर्मास आणि कागदी पेल्यांची चळत होती. सुयोगच्या एका हातात घड्याळ लावलेला मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात टीव्हीचा रिमोट.

सुलक्षणाबाईंनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. दप्तरदार या नात्याने आजच्या सभेचे इतिवृत्त त्या तिथल्या तिथे, त्याच संगणकावर मराठीत टाइप करणार होत्या. त्यासाठी दुसरी खिडकी उघडलेली होती. एक कळ दाबली की कीबोर्ड मराठीत जाई, पुन्हा दाबली की इंग्रजीत येई. सभा प्रभावित झाली. सुयोगही थोडा झाला.

पहिले पान अध्यक्षांनी मागितले: मंडळाच्या स्थापनेचे. चौदा सेकंद. बाईंनी कळ दाबली, मराठीत नोंद केली, पुन्हा कळ दाबली. दुसरे पान महिला आघाडीने मागितले: पहिल्या हळदीकुंकवाचे. बावीस सेकंद. टाळ्या. कळ, नोंद, कळ. त्यांची बोटे सत्तरीतली आहेत असे कोणी म्हटले नसते.

"झकास, काकी!" मागून कोणी ओरडले.

तिसऱ्या पानासाठी सुयोगचे चुलते उभे राहिले. दशरथ तावडे, वय ब्याऐंशी. गिरणीत उमेदवारी केलेला, मोजके बोलणारा माणूस. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली.

"वयनी, माका अडुसष्ट सालची श्रावणातली सभा बघूची आसा."

सुलक्षणाबाईंनी सूची उघडली. उघडण्याची गरज नव्हती. सूचीत त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: 'श्रावण १९६८, पान ४१२. किरकोळ विषय.' ते पान स्कॅन करताना त्यांनी चष्मा पुसला होता, पान हातात धरून थोडा वेळ बसल्या होत्या आणि मग इतर पानांसारखेच तेही स्कॅन केले होते. पान गाळणे धुरींना शक्य नव्हते. 'किरकोळ' लिहिणे मात्र शक्य झाले होते.

सुयोगच्या घड्याळाचे आकडे पळत होते. मिनिट वाया घालवणे सोपे होते. पण मग दप्तर जाणार. पान दाखवले, तर दप्तर राहील. पण त्या पानावर सासऱ्यांचे जे काही होते, ते एकशे दहा माणसांसमोर येईल. सुलक्षणाबाईंनी एका क्षणात मार्ग काढला. पान दाखवायचे, हे अटीत होते. किती वेळ दाखवायचे, हे अटीत नव्हते. दाखवायचे आणि लगेच 'एन' दाबायचे.

चार, एक, दोन, जी. पान चारशे बारा टीव्हीवर आले.

"एक्केचाळीस सेकंद!" सुयोगने नाइलाजाने पुकारले. टाळ्या झाल्या. अट पुरी झाली होती.

आणि इथे धुरींची तीन पिढ्यांची सवय आडवी आली. आधी नोंद, मग बाकीचे. सुलक्षणाबाईंनी कळ दाबली, दुसऱ्या खिडकीत मराठीत लिहिले, 'पान ४१२ दाखविले, ४१ सेकंद', आणि झटकन पानाकडे परत आल्या. दोन वेळा न विसरलेली कळ तिसऱ्या वेळी राहून गेली. मन ठिकाणावर नव्हते.

त्यांनी 'एन' दाबले. पान हलले नाही. पुन्हा दाबले. 'पी' दाबले. 'क्यू' दाबले. सडपातळ ढिम्म उभा राहिला. त्याला इंग्रजी अक्षरे कळत. बाई त्याला शुद्ध मराठीत आज्ञा करीत होत्या, आणि तो त्या आज्ञा आदराने ऐकून सोडून देत होता.

"अक्षर बारीक आहे हो," पुढच्या रांगेतले कोणी म्हणाले.

घाईत बाईंचा तळहात कोपऱ्यातल्या अधिक चिन्हावर पडला. ही कळ मराठी-इंग्रजी जाणत नाही. अक्षरे दुप्पट मोठी झाली.

"आता दिसलं! थँक्यू, काकी!"

सभा वाचू लागली. एकाने तर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'ठराव क्रमांक सात. मंडळाची गॅसबत्ती श्री. गंगाराम तावडे यांनी परस्पर गावी नेली, असा आरोप दप्तरदार श्री. लाडू सोनू धुरी यांनी मागील सभेत केला. सदर बत्ती श्री. धुरी यांच्याच पोटमाळ्यावर, त्यांच्याच घोंगडीखाली सापडली...'"

हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. गंगाराम तावडे म्हणजे दशरथदादांचे वडील.

सुलक्षणाबाईंनी खालच्या बाणाची कळ दाबली. पान बदलावे एवढाच हेतू होता. पण अक्षरे मोठी केल्यावर बाण पान बदलीत नसे. तेच पान वर सरकवीत असे. ठरावाचा उरलेला भाग अलगद वर आला, जणू तबकात घालून.

"'सबब श्री. धुरी यांनी पुढील सभेत उभे राहून, हात जोडून, श्री. तावडे यांची तीन वेळा क्षमा मागावी व स्वहस्ते सर्वांस चहा द्यावा. सर्वानुमते मंजूर.'"

त्याखाली, समासात, लाडू धुरींच्या देखण्या अक्षरात चार नोंदी होत्या. 'वेळेअभावी पुढील सभेत.' 'वेळेअभावी पुढील सभेत.' 'कोरम नसल्याने पुढील सभेत.' 'पावसामुळे पुढील सभेत.' त्यानंतर काही नव्हते. विषयपत्रिका लिहिण्याचे काम ज्याच्याकडे, तो विषय कोणत्या सभेत गळून पडतो हेही त्यालाच ठाऊक असते.

"सुयोग," सुलक्षणाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "टीव्ही बंद कर."

"का, काकी? लोक वाचतायत ना." रिमोट त्याने खिशात घातला.

महिलांच्या रांगेतून शीतल अर्धी उठली. बिघाड कुठे आहे हे तिला तिथूनच कळले होते. पण दशरथदादांनी काठी उचलली.

"बस गो बाय. वाचूक देत सगळ्यांका."

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने 'बस' म्हटल्यावर त्या हॉलमध्ये कोणाची उभे राहण्याची प्राज्ञा नव्हती. शीतल बसली.

आता सुयोग पुढे आला. "सभासदहो, अट काकींनी जिंकली. मानलं. पण मला एक सांगा. ज्या घरानं स्वतःचा विषय चार वेळा पुढे ढकलून पाचव्या वेळी गायबच केला, त्या घराकडे पुन्हा दप्तर द्यायचं? माझा आजा वाट बघत गेला, यार!"

एकशे दहा माथी एकमेकांकडे वळली. सुलक्षणाबाईंचे बोट अजून बाणाच्या कळेवरच होते. पंचाहत्तर वर्षांचे दप्तर, तीन पिढ्यांचे नाव, आणि समोर टीव्हीवर हाताएवढ्या अक्षरांत घोंगडी.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. अध्यक्ष भावनाप्रधान गृहस्थ होते. "सुयोग, अरे, पण हे तर बघ! बाईंनी पान दाखवलं. दाखवून झालं होतं. टाळ्याही झाल्या होत्या. दुसरा कोणी असता तर लगेच पुढे ढकललं असतं. यांनी काय केलं? पान तसंच ठेवलं! वर अक्षर मोठं केलं! पुढचा भागसुद्धा सरकवून दाखवला! स्वतःच्या सासऱ्यांची चूक! अजूनही, बघा, अजूनही पान समोर आहे. याला म्हणतात दप्तरदार!"

अशा टाळ्या पडल्या की थर्मासचे झाकण थरथरले. महिला आघाडी उभी राहिली. सुयोगचा चेहरा उतरला आणि मग हळूहळू उजळला, कारण तो मनाचा वाईट मुलगा नव्हता.

"काकी," तो म्हणाला, "मानलं तुम्हाला. हे मला नसतं जमलं. दप्तर तुमच्याकडेच. माझा प्रस्ताव मागे."

लोक उठून बाईंभोवती जमू लागले, तेव्हा शीतलला पुढे यायला वाट मिळाली. ती सासूच्या खांद्याशी वाकली, तिने एक कळ दाबली, मग 'एन' दाबले. पान चारशे बारा गेले. चारशे तेरा आले.

"आई, कीबोर्ड मराठीत राहिला होता," ती कानात म्हणाली. "काही बोलू नका. सगळं छान झालंय. गप्प बसा."

  सुलक्षणाबाईंनी टीव्हीवरच्या चारशे तेराव्या पानाकडे पाहिले. तिथे सहलीच्या वर्गणीचा निरुपद्रवी मजकूर होता. समोर दशरथदादा होते. सगळा हॉल टाळ्या वाजवीत असताना त्या एका माणसाने काठीवरचे हात काढले नव्हते.

बाईंनी टाइप केले: चारशे बारा, जी. पान परत आले. मग त्या उभ्या राहिल्या, आणि हॉल आपोआप खाली बसला.

"टाळ्या पुरेत," त्या म्हणाल्या. "अध्यक्षांनी जे सांगितलं ते खोटं आहे. मी हे पान उघडं ठेवलं नव्हतं. मी ते घालवत होते. जात नव्हतं. माझा कीबोर्ड मराठीत राहिला होता. अक्षर मोठं झालं ते चुकून, आणि पान सरकलं ते झाकायच्या नादात. सूचीत मी या विषयापुढे 'किरकोळ' असं लिहिलंय, तेही आत्ताच सांगते, म्हणजे पुन्हा कोणाला कष्ट नकोत."

"आई!" शीतलने डोळे मिटले.

"आता प्रस्ताव मागे घ्यायचा की पुन्हा मांडायचा, ते सुयोगनं ठरवावं. त्याला वेळ लागेल. मधल्या वेळात हा विषय घेऊ. आज पाऊस नाही, कोरम आहे आणि वेळही आहे. सुयोग, इथे बस माझ्या खुर्चीत. इतिवृत्त लिही."

"मी?"

"मी उभी असताना मी कशी लिहिणार? कीबोर्ड मराठीत घे आधी. ती कळ. हां. लिही: विषय क्रमांक सात, १९६८ पासून शिल्लक."

सुयोग बसला. का बसलो, हे त्याला नंतरही नीट सांगता आले नाही.

सुलक्षणाबाई दोन पावले पुढे गेल्या. दशरथदादांच्या खुर्चीसमोर थांबल्या. एकाहत्तर वर्षांत त्यांनी देवासमोरही मान जरा मोजूनच वाकवली होती. त्यांनी पदर सारखा केला, हात जोडले आणि शेवटच्या रांगेत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लाडू सोनू धुरी यांच्या वतीने, धुरींच्या घराच्या वतीने, गंगाराम तावडे यांची क्षमा मागते."

कळा खडखडल्या. "एक," सुयोग पुटपुटला.

"त्यांनी बत्ती नेली नव्हती. ती आमच्या घरी होती. क्षमा मागते."

"दोन."

तिसऱ्या वेळी बाईंचा आवाज किंचित खाली आला. "छप्पन्न वर्षं उशीर झाला, दादा. त्यात वेळ कमी नव्हता. धीर कमी होता. क्षमा मागते."

सुयोगने 'तीन' म्हटले नाही. त्याने नुसते टाइप केले.

शीतल पेले आणायला धावली. बाईंनी तिला हातानेच थांबवले. "स्वहस्ते, असं लिहिलंय." आणि सुलक्षणा चंद्रप्रकाश धुरी यांनी थर्मास उचलला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकशे दहा पेले त्यांनी स्वतः भरून दिले. चहाचा शिंतोडा कोणाच्या कपड्यावर उडाला नाही. कोणी 'नको' म्हणाले नाही. मधुमेह असलेल्यांनीही घेतला. सुयोगला पेला दिला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "काकी, माझा प्रस्ताव मागेच आहे हां. तसं लिहिलं मी." बाईंनी वाकून पडद्यावर पाहिले आणि त्याच्या एका वाक्यातला स्वल्पविराम हलवायला लावला.

सर्वांत शेवटी त्या दशरथदादांकडे आल्या. दादांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि पेला दोन्ही हातांनी घेतला. सगळा हॉल त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला.

"साखर कमी आसा, वयनी," ते म्हणाले.

मग त्यांनी पेला रिकामा केला आणि उलटा करून दाखवला.

"पण फिटला. बापाशीचा देणा सगळा फिटला."